सालदाराचा सातवा दिवस

पोळ्याच्या दिवशी गिरणाकाठच्या भडगाव तालुक्यात बैलाच्या मानेवर कोणी जू ठेवत नाही. खांदे मळायचे, अंघोळ घालायची, शिंगे रंगवायची, पुरणपोळीचा घास भरवायचा. कामाचे नावही काढायचे नाही. बायबलच्या ‘अनुवाद’ ग्रंथातली विश्रांतीची आज्ञाही बैलाला विसरत नाही. मुलगा-मुलगी, दास-दासी, बैल, गाढव, दारचा परका अशी सगळ्यांची नावे तिथे घेतली आहेत आणि कारणही सांगितले आहे: तुझ्यासारखाच तुझ्या दासालाही विसावा मिळावा. कॅथलिकांच्या रविवारामागे हीच आज्ञा उभी आहे. म्हणूनच मालक मिस्सेला गेला आणि गडी गोठ्यात राबत राहिला, तर माझ्या मते तो दिवस पाळलाच गेला नाही. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातही हे बंधन स्पष्ट आहे: दुसऱ्याचा विसावा हिरावणारी अनावश्यक कामे त्याच्यावर लादू नयेत.

यावर पहिला आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो खरा आहे. वेचणीला आलेला कापूस वार पाहत नाही, केळीचे पाणी थांबवता येत नाही. ही अडचण जुनीच आहे. रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनने 321 मध्ये रविवारच्या विश्रांतीचा हुकूम काढला, तेव्हाही शेतीला मोकळीक ठेवली होती. मात्र ती पिकासाठी होती, माणसाला बारमाही जुंपण्यासाठी नव्हे. दुसरा आक्षेप मजुराच्या पोटाचा: खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. ख्रिस्तसभेनेही पाळायचे सण कमी करत आणले. 1642 मध्ये आठव्या अर्बन पोपांनी ठरवलेली तिसाहून अधिक सणांची यादी 1911 मध्ये दहाव्या पायस पोपांनी आठावर आणली. पण सण घटले तरी रविवार कायम राहिला. मजुरी बुडत असेल तर सुट्टी भरपगारी करावी. सुट्टीच नाकारणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

राहिला प्रश्न, एका धर्माचा नियम साऱ्या गावाने का मानावा? याचे उत्तर मुंबईच्या गिरण्यांनी दिले आहे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून रविवारची सुट्टी मागितली. ती मागताना रविवार हा खंडोबाचा वार हेही त्यांनी सांगितले होते. 10 जून 1890 रोजी मालकांनी ती मान्य केली. पुढच्याच वर्षी पोप तेरावे लिओ यांनी कामगारांविषयीच्या आपल्या प्रसिद्ध पत्रात रविवारच्या विश्रांतीचा आग्रह धरला. एकाची वाट खंडोबाकडून आली, दुसऱ्याची ख्रिस्ताकडून. राबणाऱ्याला देवासाठी आणि घरच्यांसाठी वेळ हवा, यावर दोघांचे एकमत होते. 1948 च्या कारखाना कायद्याने आठवड्याची सुट्टी कारखान्यातल्या कामगाराचा हक्क केली. खानदेशातला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, त्या कायद्यात बसत नाही. त्याचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरते आणि पुढच्या आखाजीपर्यंत चालते. गुरांचा चारा-पाणी, दूध, रात्रीचे पाणी भरणे यांतून त्याला आपला म्हणावा असा वार मिळत नाही.

भडगाव, पाचोरा, चाळीसगावच्या बागायतदारांना म्हणून एक विनंती आहे. येत्या आखाजीला सालाचा आकडा ठरवाल, तेव्हा आठवड्यातला एक भरपगारी दिवसही ठरवा. वार कोणता, ते सालदाराला विचारा. त्या दिवशी गोठ्यातले शेण तुम्ही काढा.