चार अक्षरांचा आळस

दहा पैसे आणि वीस पैसे मिळून किती? ती नाणी २०११ साली बाद झाली, तरी मंडईतला कुठलाही भाजीवाला मान वर न करता 'तीस' म्हणेल. हीच बेरीज रुपयांत करून काँप्युटरला घाला. उत्तर येते ०.३०००००००००००००००४! शेवटचा तो चार पाहून आपण उगाच खिसा चाचपतो.

यात यंत्राचा दोष नाही. ते बिचारे जुन्या वळणाचे. त्याला निम्मे, निम्म्याचे निम्मे एवढेच कळते. आजोबांची पावकी, निमकी, पाऊणकी त्याला चोख येते. पेशवाईतले साडेतीन शहाणेही त्याच्या पोटात नेमके मावतील. पण १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे आले, ते काही त्याच्या पचनी पडत नाहीत. आपण एक तृतीयांश दशांशात लिहू लागलो की तीन संपत नाहीत ना? त्याचे एक दशांशाच्या बाबतीत तसेच होते. मग ते जवळचा आकडा धरून चालते. चालू द्या.

माझे भांडण आहे ते हा आकडा जसाच्या तसा गिऱ्हाइकाच्या तोंडावर फेकणाऱ्या प्रोग्रॅमवाल्यांशी. म्हणे, "आत तेवढाच आहे!" अहो, भांड्यात चोथाही असतो, पाहुण्याला आपण चहा गाळून देतो. 'सी' भाषेत टक्का, टिंब, दोन, एफ एवढी चार अक्षरे लिहिली की दोनच दशांश स्थळे छापली जातात. गाय स्टील आणि जॉन व्हाइट यांनी १९९० साली आकडा अचूक, तरी कमीत कमी अंकांत कसा छापावा याची रीत मांडली. २००९ पासून पायथन भाषाही ०.१ ला सुटसुटीत ०.१ म्हणू लागली. पण बेरजेत पडलेली धूळ तीही लपवत नाही. ती झटकायची लिहिणाऱ्यानेच. आणि तीही छापताना, मधल्या हिशेबात नव्हे. पैशांचा हिशेब तर सरळ पूर्ण पैशांतच ठेवावा.

तीच गत स्वल्पविरामांची. १२,३४,५६७ लिहायचे सोडून १,२३४,५६७ छापले, की सदाशिव पेठेतल्या पेन्शनर आजींनी लाख कुठे शोधायचे?

हा नुसता टापटिपीचा प्रश्न नाही. आकडा वाचता आला तर माणूस भांडतो. वाचता आला नाही, की मुकाट्याने सही करतो.