संगणकाचे बिऱ्हाड हलवताना

पुणे-सातारा रस्त्यावरून कापूरहोळला वळून भोरला जा, नाहीतर नसरापूरवरून आत वळून वेल्ह्याला जा. बाजाराच्या ठिकाणी एक दुकान हटकून भेटते. दारावर फलक असतो, 'झेरॉक्स, लॅमिनेशन, मराठी टायपिंग, लग्नपत्रिका'. आत टेबलावर एक वयस्कर संगणक. सकाळी त्याचे बटण दाबायचे आणि शेजारी चहा सांगायचा. चहा येतो, पिऊन होतो, कपबशी परत जाते, तरी पडद्यावरचे चक्र फिरतेच आहे. याच जातीचे संगणक शाळांत, पतसंस्थांत, देवस्थानच्या कचेऱ्यांत आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या घरीही असतात. पुण्याहून आलेला भाचा म्हणतो, "मामा, फेकून द्या हा डबा. नवा घ्या." मामा काही बोलत नाहीत.

मामांचे गप्प बसणे शहाणपणाचे आहे. दहा-बारा वर्षांचा संगणक रेंगाळतो तो बहुधा त्याच्या मेंदूमुळे नव्हे, तर त्याच्या कोठारामुळे. हे कोठार म्हणजे हार्ड डिस्क. जुन्या ग्रामोफोनची कल्पना करा. तबकडी फिरते आहे आणि तिच्यावर एक दांडी मागेपुढे सरकते आहे. फरक इतकाच, की ही तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि दांडीचे टोक तिला न टेकता केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगते. १९५६ साली आयबीएम कंपनीने असे पहिले यंत्र बाजारात आणले, तेव्हा ते कपाटाएवढे होते. त्यात ५० तबकड्या होत्या आणि मावत होती ५० लाख अक्षरे. आज तळहाताएवढ्या डबीत त्याच्या लाखो पट मावते. पण दांडीला आजही सरकावेच लागते. संगणक सुरू होताना हजारो बारीकसारीक फायली वेगवेगळ्या जागांहून उचलाव्या लागतात आणि अशा शंभर-सव्वाशे येरझाऱ्या झाल्या की एक सेकंद संपलेला असतो.

एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नाही. तोशिबा कंपनीतले जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधलेल्या 'फ्लॅश' स्मृतीच्या त्या चिपा. तिथे येरझाऱ्यांचा प्रश्नच मिटतो; सेकंदाला हजारो जागा वाचता येतात. तोच संगणक चहा सांगण्याआधी तयार होतो. खर्च नव्या यंत्राच्या किमतीचा लहानसा हिस्सा. अडीच इंची जुनी डिस्क काढून त्याच खोबणीत तेवढीच एसएसडी बसते. हे काम भोरमधला कोणताही दुरुस्तीवाला अर्ध्या तासात करील.

खरे काम त्यानंतरचे आहे. डिस्क बदलली म्हणजे घर बदलले. आता जुन्या घरातले बिऱ्हाड नव्या घरी न्यायचे. त्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे विंडोज नव्याने बसवायची आणि फक्त फायली उचलून आणायच्या. दुसरा म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल उतरवायची, चुलीपासून देवघरापर्यंत सगळे जिथल्या तिथे. याला 'क्लोन' करणे म्हणतात. दुरुस्तीवाल्याला पहिला मार्ग सोयीचा वाटतो. स्वच्छ घर, कचरा गेला, आणि "तुमच्या सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर काढून ठेवल्यात, काळजी करू नका." इंग्रजीत काम करणाऱ्याला हा सल्ला योग्यच आहे. मराठीत पंचवीस वर्षे काम केलेल्या दुकानाला मात्र तो महागात पडू शकतो.

याचे कारण आपल्या मराठी टंकलेखनाच्या इतिहासात आहे. नव्वदीच्या दशकात संगणकावर मराठी उमटू लागली ती पुण्यातच तयार झालेल्या साधनांमुळे. 'सी-डॅक'चे आयएसएम आणि 'मॉड्युलर'ची श्रीलिपी. त्या काळी संगणकाला देवनागरी समजत नव्हती, म्हणून या मंडळींनी नामी युक्ती केली. संगणकाने आपला रोमन अक्षराचा क्रमांक साठवावा; फाँटने त्या क्रमांकावर रोमन अक्षराऐवजी 'क' किंवा अर्धा 'स' किंवा वेलांटी दाखवावी. संगणक फसला आणि मराठी छापली गेली. त्या युक्तीवर एक पिढी जेवली, हे विसरू नये. पण प्रत्येक कंपनीने अक्षरांची मांडणी आपापल्या सोयीने केली. एकाचा 'क' जिथे, तिथे दुसऱ्याचा भलताच. शिवाय चोरी होऊ नये म्हणून यांतल्या अनेक सॉफ्टवेअरांबरोबर संगणकाच्या पाठीमागे लावायचे एक कुलूपही येई. ते नसेल तर सॉफ्टवेअर चालत नसे.

आता पेन ड्राइव्हवरची ती 'काळजी करू नका' फाईल नव्या विंडोजमध्ये उघडून पाहा. फाँट नाही, सॉफ्टवेअर नाही, कुलूप लावायची खोबणही नाही. पडद्यावर रोमन अक्षरे, अवग्रहासारख्या खुणा आणि टिंबे यांचा खच पडतो. फाईल आहे, तिच्यातले एकही अक्षर हरवलेले नाही. पण वाचता येत नाही. जुने पेजमेकरचे काम तर उघडतही नाही. सोसायटीच्या २५ वर्षांच्या सभांचे इतिवृत्त, गावच्या यात्रेचा जमाखर्च, कुणाच्या आजोबांनी तोंडी सांगून टाइप करून घेतलेली वंशावळ, सगळे त्या खचाखाली.

भोरला हे निराळे सांगायला नको. या गावी पंत सचिवांचे संस्थान होते आणि सचिव म्हणजे शिवकालातला सुरनीस, अष्टप्रधानांतला दफ्तर तपासणारा मंत्री. दफ्तर राखणाऱ्यांची ही राजधानी. १९४८ साली संस्थान विलीन झाले. पण त्या काळातला कागद आज भोर-वेल्ह्यातल्या एखाद्या घरी ट्रंकेत सापडला, तर घरातले कोणी तो वाचू शकत नाही, कारण तो मोडीत आहे. कागद शाबूत, शाई शाबूत, भाषा आपलीच, मराठीच. गेली ती फक्त वाचण्याची रीत. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांना राज्यभर एकाएकी मागणी आली ती यामुळेच. मोडी विसरायला आपल्याला दोन पिढ्या लागल्या. जुन्या फाँटमधली मराठी विसरायला एक दुपार पुरते, विंडोज नव्याने बसवण्याची दुपार.

म्हणून मराठी दफ्तर असलेल्या संगणकाची आधी नक्कल करावी, सफाई मागाहून. नक्कल काढायची साधने फुकटही मिळतात. तैवानमध्ये तयार झालेले 'क्लोनझिला' हे त्यातले एक. एसएसडी एका छोट्या केबलने यूएसबीला जोडायची आणि सगळी डिस्क, विंडोज सुरू करणाऱ्या लहानशा लपलेल्या कप्प्यासकट, उतरवायची. सुटा 'सी' कप्पा तेवढा उतरवला तर संगणक सुरूच होत नाही आणि मग दोष एसएसडीला दिला जातो. यातला सगळ्यात भीतीदायक क्षण एकच. सॉफ्टवेअर विचारते, कुठून आणि कुठे? इथे उलट उत्तर दिले, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि पंचवीस वर्षे पुसली जातात. डिस्कचे नाव आणि आकार मोठ्याने वाचून, शेजारी कोणाला तरी उभे करून मगच होय म्हणावे. आणि आपल्याकडे पावसाळ्यात तोरण्यावर ढग उतरले की वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. ही नक्कल चालायला तास-दोन तास सहज लागतात. यूपीएस नसेल तर उघडिपीची वाट पाहिलेली बरी. जुनी डिस्क टकटक आवाज करत असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नये, तिच्यावर दुसरे कोणतेही काम करू नये.

नक्कल झाली की संगणक बंद करून नवी डिस्क बसवावी आणि जुनी काढून ठेवावी. शिवछत्रपतींनी राजधानी राजगडावरून रायगडावर नेली, म्हणून राजगड ओस टाकला नाही. जुन्या डिस्कवर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवून ती निदान वर्षभर कपाटात असू द्यावी. एसएसडीवरून पुसलेली फाईल परत मिळवणे फार कठीण असते, आणि वीज न देता वर्षानुवर्षे पडून राहिली तर तिच्यातले लेखनही विरू लागते. ट्रंकेत ठेवायची ती वस्तू नव्हे.

हे सगळे आत्ता सांगण्याचे कारण १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०'चा नेहमीचा आधार थांबवला. साधारण २०१८ पूर्वीच्या यंत्रांवर 'विंडोज ११' अधिकृतपणे चढत नाही. म्हणजे जुने संगणक भंगारात जाण्याची लाट आलेलीच आहे, आणि त्यांच्या पोटात काय आहे हे भंगारवाला विचारत नाही. नक्कल काढलेला जुना संगणक इंटरनेटपासून तोडावा आणि केवळ जुने मराठी वाचण्याचे यंत्र म्हणून ठेवावा. रोजच्या कामाला दुसरे यंत्र, नाहीतर त्याच दर्जाच्या यंत्रावर फुकटची लिनक्स प्रणाली चालते.

वाचण्याचे यंत्र आहे तोवर सवडीने दुसरे काम करता येते, ते म्हणजे जुनी मराठी युनिकोडमध्ये आणण्याचे. युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरीला स्वतःची जागा आहे. तिथे 'क'चा क्रमांक २३२५, आणि तो पुण्यात, न्यूयॉर्कमध्ये, कोणत्याही कंपनीच्या फाँटमध्ये तोच राहतो. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने इंटरनेटवर मिळतात. ती नव्वद टक्के काम छान करतात आणि उरलेल्यात गंमत करतात. रफार हमखास सुटतो, पहिली वेलांटी एका अक्षराने सरकते, जोडाक्षर फुटते. यंत्राला मार्गासनीचे मागासनी झाले, तरी चुकल्यासारखे वाटत नाही. ते ओळखायला त्या वाटेने एसटीने गेलेले माणूस लागते. गावात निवृत्त शिक्षक असतात, सुटीत घरी आलेली मुले असतात. जुन्या संगणकावर मूळ पान उघडे, नव्यावर बदललेले, आणि दोघांनी मिळून ओळीला ओळ ताडून पाहायची. वेळवंडी, गुंजवणी, कानंद ही नद्यांची नावे आधी तपासावीत, मग माणसांची, आणि आकडे सगळ्यांत शेवटी, दोनदा.