घटनेचा शब्द आणि घटनेचे राज्य

परराष्ट्रमंत्र्याचे पद मोठे विलक्षण आहे. अर्थमंत्र्याच्या हाती तिजोरी असते, संरक्षणमंत्र्याच्या हाती सेना असते. परराष्ट्रमंत्र्याच्या हाती शब्दावाचून दुसरे काही नसते. त्या शब्दाला जगाच्या बाजारात काय मोल यावे, हेही त्याच्या एकट्याच्या बुद्धिमत्तेवर ठरत नाही. त्याचे सरकार घरी कसे वागते, यावर पुष्कळसे अवलंबून असते. हा सिद्धांत ज्याच्या आयुष्यात जवळजवळ उदाहरणादाखल उतरला, असा एक मुत्सद्दी आशियाने विसाव्या शतकात पाहिला. थायलंडचे राजपुत्र वान वैथयाकोन यांच्या कारकिर्दीचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत, ते केवळ त्यांच्या गौरवासाठी नव्हे. त्या कारकिर्दीत प्रत्येक लोकशाही राष्ट्राने ध्यानी घ्यावा असा एक धडा आहे.

राजपुत्र वान यांचा जन्म १८९१ सालचा. सयामचे राजे मोंगकुट हे त्यांचे आजोबा. इंग्लंडात ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात आणि पुढे पॅरिसमध्ये त्यांचे शिक्षण झाले, आणि पहिले महायुद्ध संपण्यापूर्वीच ते परराष्ट्रखात्यात रुजू झाले. लंडन येथे त्यांनी सयामचे वकील म्हणून काम केले. राष्ट्रसंघातही आपल्या देशाची बाजू मांडली. इथपर्यंतची हकिकत कोणत्याही सुशिक्षित राजपुत्राची असू शकेल. कसोटीचा प्रसंग आला तो २४ जून १९३२ रोजी. त्या दिवशी काही लष्करी व मुलकी अधिकाऱ्यांनी सयाममधील अनियंत्रित राजसत्ता संपुष्टात आणली. पुढे १९३५ मध्ये राजे प्रजाधिपोक यांनी सिंहासनच सोडले. अशा वेळी राजघराण्यातल्या माणसाने नव्या राजवटीकडे पाठ फिरवली असती, तर त्याला कोणी दोष दिला नसता. राजपुत्र वान यांनी तसे केले नाही. त्यांनी 'प्रचाचात' नावाचे वृत्तपत्र काढले आणि नव्या राजवटीला भाषा पुरविण्याचे काम अंगावर घेतले.

हे काम मराठी वाचकाला विशेष जवळचे वाटावे असे आहे. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, विसाव्या शतकात सावरकरांनी महापौरासारखे शब्द रूढ केले. त्याच जातीचा हा उद्योग होता. पाश्चात्त्य शब्द जसेच्या तसे न उचलता पाली-संस्कृताच्या धातूंतून ते घडवावेत, म्हणजे नव्या कल्पना लोकांच्या मनात सावकाश आणि विचारपूर्वक रुजतील, अशी राजपुत्रांची धारणा होती. समाजाला 'सांगखोम', म्हणजे आपला 'संगम'; संस्कृतीला 'वत्थनथम', म्हणजे 'वर्धन' आणि 'धर्म' यांचा जोड; सुधारणेला 'पतिरूप'. हे शब्द थाई माणूस आजही सहज वापरतो. राज्यघटनेसाठी रूढ झालेला 'रत्थथम्मनून' हा शब्दही त्यांच्याच नावावर सांगितला जातो. त्यातले 'राष्ट्र' आणि 'धर्म' आपल्या कानांना ओळखू येतात. घटनेच्या या शब्दाकडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहोत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थायलंडने जपानची बाजू घेतली. १९४१ मध्ये फ्रेंच इंडोचायनाबरोबरच्या तंट्यात टोकियोत वाटाघाटी झाल्या, तेव्हा थाई शिष्टमंडळाचे नेते राजपुत्र वानच होते. नोव्हेंबर १९४३ मध्ये जपानने टोकियोत बृहत् पूर्व आशियाची परिषद भरविली, तिला पंतप्रधान पिबुनसोंग्राम स्वतः गेले नाहीत. त्यांनी राजपुत्रांना धाडले. याच परिषदेला नेताजी सुभाषचंद्र बोस निरीक्षक म्हणून उपस्थित होते. जपान हरला, परंतु राजपुत्रांचे स्थान ढळले नाही. १६ डिसेंबर १९४६ रोजी थायलंडला संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला, आणि थोड्याच दिवसांत टोकियोच्या सभेतले हे गृहस्थ वॉशिंग्टनमध्ये आपल्या देशाचे राजदूत म्हणून वावरू लागले. ज्या लहान राष्ट्राला मोठ्या सत्तांच्या कचाट्यातून वाट काढायची असते, त्याला असा माणूस लागतोच. वारा बदलला की वेतासारखे वाकावे आणि मुळे मात्र सोडू नयेत, हे त्या राष्ट्राचे जुने धोरण होते. या चातुर्याला नुसता संधिसाधूपणा म्हणून हिणविण्यास आम्ही तयार नाही. आशियात अनेक राष्ट्रे पारतंत्र्यात गेली असता सयाम मात्र युरोपीय सत्तांची वसाहत झाला नाही, त्यात या चातुर्याचा वाटा होता.

१९५२ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले आणि पुढील सहा वर्षे त्यांच्या कीर्तीचा मध्यान्ह होता. १९५४ च्या जिनिव्हा परिषदेत कोरियाच्या प्रश्नावरील बैठकांचे अध्यक्षपद ईडन आणि मोलोटोव्ह यांच्यासह पाळीपाळीने त्यांच्याकडे होते. त्याच वर्षी त्यांनी मनिला करारावर सही केली आणि थायलंड अमेरिकेच्या गोटात उभा राहिला. पुढच्याच वर्षी बांडुंग येथे २९ आशियाई-आफ्रिकी राष्ट्रे जमली. लष्करी गटांत सामील होण्याला पंडित नेहरूंचा कडवा विरोध. राजपुत्र तर अशाच एका गटाचे प्रतिनिधी. तरीही परिषदेच्या कामकाजाचा अहवाल मांडण्याची कामगिरी त्यांच्यावरच सोपविण्यात आली. प्रतिपक्षालाही ज्याच्या लेखणीवर विश्वास ठेवावासा वाटतो, त्या मुत्सद्द्याची योग्यता निराळी सांगावी लागत नाही.

नोव्हेंबर १९५६ मध्ये ते संयुक्त राष्ट्रसंघाच्या अकराव्या आमसभेचे अध्यक्ष झाले. सुएझवर तोफा डागल्या गेल्या होत्या आणि बुडापेस्टच्या रस्त्यांत रशियन रणगाडे शिरले होते. त्या सबंध वर्षात त्यांनी सभेचा तोल सांभाळला. १४ सप्टेंबर १९५७ रोजी आमसभेने हंगेरीच्या प्रश्नावर त्यांना आपला खास प्रतिनिधी नेमले. आणि दोनच दिवसांनी, १६ सप्टेंबर रोजी, बँकॉकमध्ये सेनापती सरित यांनी त्यांचेच सरकार उलथून टाकले! ते पडलेले सरकारही काही निर्मळ नव्हते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतील निवडणूक इतक्या उघड गैरप्रकारांनी गाजली होती की, विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. हंगेरीच्या जनतेचे हक्क मागण्यास निघालेल्या या प्रतिनिधीच्या पाठीशी असे राज्य होते. हंगेरीने त्यांना आपल्या भूमीवर पाऊलही ठेवू दिले नाही. तो नकार मॉस्कोच्या बळावर होता, हे खरेच. परंतु ज्या राज्याच्या वतीने राजपुत्र बोलत होते, त्याचा नैतिक अधिकार तरी कितीसा होता?

१९५८ मध्ये जिनिव्हात सागरी कायद्याची परिषद त्यांच्याच अध्यक्षतेखाली भरली. ८६ राष्ट्रांच्या त्या सभेतून चार करार निघाले. किनाऱ्यापासून किती अंतरापर्यंत राष्ट्राची सत्ता चालावी, हा प्रश्न मात्र तेव्हा सुटला नाही. ही त्यांच्या आयुष्यातील सर्वांत विधायक कामगिरी, असे आमचे मत आहे. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरित यांनी थायलंडची राज्यघटनाच रद्द केली. १९५९ पासून राजपुत्र वान उपपंतप्रधान म्हणून त्या राजवटीत बसले. पूर्ण स्वरूपाची राज्यघटना त्या देशाला मिळाली ती १९६८ मध्ये, आणि तीही १९७१ मध्ये पुन्हा मोडली गेली. ज्याने घटनेला शब्द दिला, त्यानेच घटनाहीन सरकारात वर्षानुवर्षे आसन स्वीकारावे, याहून अधिक खेदजनक विसंगती कोणती?

यावर असे म्हणता येईल की, त्यांनी पद सोडले असते तर ते एखाद्या अडाणी सेनानीच्या हाती गेले असते. देशाचे तेवढेच नुकसान झाले असते. या युक्तिवादात तथ्य आहे, आणि आम्ही तो सहज झिडकारीत नाही. परंतु त्याला दुसरी बाजू आहे. सभ्य, विद्वान, जगाने मानलेला माणूस हुकूमशाहीच्या दारात उभा राहिला की, घरात काय चालले आहे याची चौकशी करण्याचे पाहुणे विसरतात. त्याच्या सौजन्याचे तेज त्याच्या धन्यांच्या अंगावर पडते. राजपुत्रांनी आपल्या देशाची प्रतिष्ठा वाढविली, हे निर्विवाद आहे. पण त्या प्रतिष्ठेचे व्याज सेनापतींनी खाल्ले, हेही तितकेच खरे आहे.

५ सप्टेंबर १९७६ रोजी राजपुत्र वान निवर्तले. त्यानंतर एक महिना आणि एक दिवस उलटला, आणि ज्या थम्मसात विद्यापीठाचे ते पूर्वी प्रमुख होते, त्याच्याच आवारात विद्यार्थ्यांची कत्तल झाली. थम्मसात म्हणजे आपले 'धर्मशास्त्र'. १९३२ पासून मोजले तर २०१७ साली आलेली थायलंडची राज्यघटना ही विसावी आहे. शब्द टिकला, वस्तू मात्र वीस वेळा घडवावी लागली.

राजपुत्र वान यांच्यासारखे परराष्ट्रमंत्री कोणत्याही राष्ट्राला भाग्यानेच मिळतात. परंतु असा मंत्री मिळाला म्हणून राष्ट्राने निश्चिंत होऊ नये. परदेशी व्यासपीठावर आपला प्रतिनिधी स्वातंत्र्याची, कायद्याची भाषा बोलतो, तेव्हा ती खरी करून दाखविण्याची जबाबदारी घरी राहिलेल्यांची असते. ती ज्यांनी टाळली, त्यांचा राजदूत कितीही थोर असला तरी त्याच्या वाट्याला अखेर बंद दारेच येतात.