रोमिओवरचा आळ

महाविद्यालयाच्या फाटकापाशी मुलींची वाट अडवणाऱ्या तरुणांवर कारवाई झाली की बातमीला ‘रोडरोमिओ’ हा शब्द चिकटतोच, आणि या आठवड्यातील मथळेही त्याला अपवाद ठरले नाहीत. विशेषनामाचे सामान्यनाम होणे, म्हणजे एका पात्राचे नाव त्याच्यासारखे वागणाऱ्या सर्वांना लागू पडणे, ही भाषेतील जुनी प्रक्रिया आहे. येथे मात्र ज्याचे नाव घेतले जाते त्याचा त्या वागण्याशी काडीचाही संबंध नाही. १५९७ साली प्रथम छापल्या गेलेल्या शेक्सपिअरच्या त्या नाटकात रोमिओ भिंत ओलांडून बागेत शिरतो हे खरे, परंतु आपले प्रेम आधी ज्युलिएटच बोलून दाखवते आणि लग्नाचा विषयही तीच काढते. इंग्रजीत स्त्रियांना फसवणाऱ्यासाठी निकोलस रो याच्या १७०३ मधील नाटकातला लोथारिओ केव्हाच रूढ झाला होता. ‘रोड’ जोडून रोमिओला रस्त्यावर उभे केले ते आपल्याकडे.

याच्याशेजारी ‘तळीराम’ ठेवून पाहावा. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधील तळीराम स्वतः अट्टल मद्यपी आहे, पिणाऱ्यांचे ‘आर्यमदिरामंडळ’ चालवतो आणि वकिलीची सनद तात्पुरती गमावलेल्या सुधाकराच्या हाती पहिला प्याला देतो, त्यामुळे ते नाव दारूबाजाला लागले यात अन्याय काहीच नाही. महाराष्ट्राने ते नाटक पिढ्यान्‌पिढ्या पाहिले म्हणून शब्द नेमका बसला, आणि रोमिओ नाटकावाचून आला म्हणून त्याचा अर्थ बिघडला, असे म्हणण्यास जागा आहे. नाटक पाठ्यपुस्तकात उताऱ्यापुरते न ठेवता शाळेत उभे करावे, हा या स्तंभाचा जुना आग्रह त्यासाठीच आहे. अर्थात ‘तळीरामांची झिंग उतरली’ असे खुसखुशीत मथळे देणाऱ्यांना दळणे दळून घर चालवणारी सुधाकराची पत्नी सिंधू आठवत नाही, हेही तितकेच खेदाचे आहे.

तरीही रोमिओच्या नावाने होणारी हानी अधिक गंभीर आहे, कारण तो शब्द गुन्ह्याला प्रेमाचा रंग देतो आणि प्रेम म्हटले की संशयाची सुई मुलीकडे वळते. बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यातील तलवाड्यापासून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत, ज्या घरांतील माणसे ऊसतोडीला जातात तेथे मुलीच्या सुरक्षिततेची धास्ती हे बालविवाहाचे एक मोठे कारण आहे. अशा घरात ‘तुमच्या मुलीमागे रोमिओ लागला’ हे वाक्य पोहोचले की प्रथम थांबते ते तिचे शिक्षण. कायद्याने मात्र या कृत्याला नेमके नाव दिले आहे: नकार देऊनही स्त्रीच्या मागे लागणे हा ‘पाठलाग’ २०१३ पासून दंड संहितेत आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये स्वतंत्र गुन्हा असून, पहिल्याच दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ‘पाठलाग करणारे अटकेत’ एवढे छापण्यास मथळ्यात जागा पुरते.