काचेतले पाणी

न्हावा शेवाला आषाढात कंटेनर उघडला की छताला पाण्याचे थेंब लटकलेले दिसतात. ओल शोषायला आत टांगलेल्या पिशव्या फुगून जड झालेल्या असतात. कोकणातली दमट हवा कुठे शिरते, हे बंदरावर काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही. लेसरची काच ओतणाऱ्यालाही हीच ओल छळते. आपल्याकडच्या शोधनिबंधांत मात्र तिचा हिशेब पुष्कळदा नसतो.

निओडिमियम घातलेली फॉस्फेट काच उन्हात जांभळट, ट्यूबलाइटखाली निळसर दिसते. ती १०५४ नॅनोमीटरच्या आसपासचा किरण किती वाढवेल, याचा अंदाज तिने शोषलेल्या प्रकाशावरून बांधता येतो. जड आणि ऑफेल्ट या दोन शास्त्रज्ञांनी १९६२ साली स्वतंत्रपणे मांडलेले ते गणित अजूनही कामाचे आहे. पण त्यात निओडिमियमच्या आयनाची ऊर्जा प्रकाशावाटेच बाहेर पडते असे धरलेले असते. काचेत राहिलेले हायड्रॉक्सिल गट, म्हणजे मुरलेले पाणीच, तीच ऊर्जा उष्णतेत घालवतात. म्हणून वितळलेल्या काचेतून कोरडा ऑक्सिजन, क्लोरीनयुक्त वायू सोडून ओल हाकलावी लागते. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेने अशी लेसर-काच देशातच घडवली आहे. हे काम सोपे नव्हे.

ओल न धरण्याची चूक लहान वाटते, पण ती घातांकात बसते. सेंटीमीटरला ०.०५ वाढ देणारा २० सेंटीमीटरचा दांडा किरण २.७ पट करतो. असे पाच दांडे एकामागे एक लावले तर १४८ पट. सेंटीमीटरमागची वाढ १० टक्क्यांनी घटली, की तेच पाच दांडे ९० पटींवर थांबतात.

तेव्हा नुसत्या गणितावर ‘उत्तम लेसर पदार्थ’ असा शेरा मारणे थांबले पाहिजे. दांडा हाती असेल तर त्यातून मंद किरण सोडावा. दांड्याला ऊर्जा देणारे फ्लॅशदिवे पेटवण्याआधी आणि पेटवल्यावर तो किती भरतो, ते मोजावे. विद्यापीठातला नमुना बटणाएवढाच असतो, त्यातून दांडा निघत नाही, हे मान्य. पण उजेड विझायला लागणारा वेळ मोजता येतो, अवरक्त वर्णपटात पाण्याची खूणही दिसते. हे दोन आकडे गणिताच्या तक्त्याशेजारी छापलेच पाहिजेत. आणि काच उघड्या भट्टीत ओतली असेल तर ती जुलैत ओतली की जानेवारीत, तेही लिहावे.