‘तुमच्या हळर्णात पाहण्यासारखं काय आहे?’

नाताळच्या सुट्टीत पुण्याहून माझी मावसबहीण आणि भावोजी आले होते. लग्नानंतरची त्यांची पहिलीच सहल. शापोरा नदीत हाउसबोटीवर एक रात्र आणि दुसऱ्या दिवशी हरवळ्याची लेणी, असा बेत पुण्यातूनच ठरलेला. लेण्यांना त्यांनी मलाही नेलं.

बोटीचं वर्णन ताईनं गाडीत केलं. कोलवाळच्या बाजूला नांगर टाकलेला, डेकवर गाणी, तळलेली सुंगटं, काळंशार पाणी. भावोजींनी बोटीवरच्या मुलाला विचारलं, ‘ही नदी येते कुठून?’ तो म्हणाला, ‘डोंगरातून.’ चुकीचं नाही म्हणा! पण वर दोडामार्गात तिळारी म्हणतात तीच ही नदी, आणि ती आमच्या हळर्णाच्या किल्ल्याला लागून खाली येते, हे त्याला कुणी सांगितलंच नसेल.

हरवळ्यालाही तेच. जांभ्या दगडात कोरलेल्या खोल्या, आत शिवलिंगं, बाजूला रुद्रेश्वराचं देऊळ आणि धबधबा. ‘पांडवांनी खोदली,’ ड्रायव्हर म्हणाला. दहा मिनिटांत फोटो काढून झाले. पांडवांची कथा मला आवडते, ती राहू दे. पण ही लेणी मुळात बौद्ध की शैव, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, हे कळलं असतं तर माणूस अजून दहा मिनिटं थांबला असता की नाही?

चहा पिताना ताईनं विचारलं, ‘तुमच्या हळर्णात पाहण्यासारखं काय आहे गं?’

मी म्हटलं, ‘काही नाही ताई. एक जुना किल्ला आहे.’

ड्रायव्हरला आणि बोटीवरच्या मुलाला नावं ठेवणारी मी! त्या उत्तराची लाज मला घरी आल्यावर वाटली. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयनं सावंतवाडीकर भोसल्यांकडून तो किल्ला घेतला. विजय एवढा मोठा मानला गेला की त्याचा ‘कास्तेलु नोवु’ हा किताब बदलून त्याला ‘मार्केश द आलोर्न’ केलं. म्हणजे हळर्णचा सरदार. आमच्या गावाचं नाव लिस्बनच्या एका घराण्याला चिकटलं.

त्याची नात लिओनोर पोर्तुगीज भाषेतली मोठी कवयित्री. आईच्या घराण्यावर राजाचा रोष झाला म्हणून आठव्या वर्षी आईबरोबर मठात कोंडली गेली, ती सुटली १७७७ मध्ये. कविता ती तिथेच शिकली. पुढे ‘मार्केझा द आलोर्न’ म्हणून प्रसिद्ध झाली. हळर्ण तिनं कधी पाहिलं नाही.

आपण मराठी मंडळात कवितेच्या एवढ्या गोष्टी करतो, पण ही बाई आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? पर्यटकांना फक्त दारू आणि डेक लागतो, अशी तक्रार आपण नेहमी करतो. मला ती निम्मीच पटते. भावोजींनी नदीबद्दल विचारलं होतं, ताईनं गावाबद्दल. विचारणारे आहेत, उत्तर आपल्याकडे तयार नसतं. पेडणे, डिचोलीहून येणाऱ्या प्रत्येकानं आपल्या गावाविषयी खात्रीचं एक पान लिहावं, आणि मंडळानं ते याच अंकात छापावं. त्यात दंतकथा असावी, पण दंतकथा म्हणूनच.

माझं पान मी संपादकांकडे दिलं आहे. ताईलाही व्हॉट्सअॅपवर पाठवलं. तिचं उत्तर आलं, ‘मग तेव्हा नेलं का नाहीस?’