व्यवसायाचा रकाना

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत डिसेंबर २०२४ मध्ये रसायनाच्या टाकीचा स्फोट होऊन कामगार दगावले, तेव्हा जिल्ह्यातल्या सगळ्या वर्तमानपत्रांत बातमी आली. स्फोट लपत नाही. पण त्याच वसाहतीत वर्षानुवर्षे वाफा अंगावर घेत हळूहळू खंगत जाणारा कंत्राटी कामगार कोणत्या नोंदवहीत सापडतो? तो रोह्यात आपल्या दवाखान्यात येतो. आपण डॉक्टर त्याला मलम देतो, खोकल्याचे औषध देतो आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावतो. त्याच्या केसपेपरवर नाव, वय, वजन, रक्तदाब असे सगळे असते. तो काय काम करतो, एवढेच नसते.

सरकारी देखरेख तोकडी आहे, हे सांगायला नवे पुरावे नकोत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून आहे. धाटावला सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. तरीही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, त्यात महाराष्ट्रातले ५३ पट्टे आले आणि धाटावजवळची कुंडलिका त्यांत होती. शिवाय या देखरेखीत मोजले जाते ते पाणी. सामायिक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत आला की कागद पूर्ण होतो. त्या आकड्यात रिअ‍ॅक्टरचे झाकण उघडणाऱ्या माणसाचे रक्त येत नाही, खाडीत जाळे टाकणाऱ्याची त्वचाही येत नाही. माणूस मोजायचा तर तो डॉक्टरनेच मोजायला हवा.

गणेशमूर्तींच्या पेणमध्ये हेच वेगळ्या रूपात दिसते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवरून गेली काही वर्षे न्यायालयात आणि मंत्रालयात केवढी चर्चा झाली! केंद्रीय मंडळाची मे २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे, उच्च न्यायालयाचे आदेश, कृत्रिम तलाव. ही सगळी काळजी मूर्ती पाण्यात गेल्यानंतरची, आणि ती योग्यच आहे. पण पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत ऐन उन्हाळ्यात कच्ची मूर्ती पॉलिश पेपरने घासणाऱ्या बाईबद्दल त्यात काय आहे? तोंडाला ओढणी, भुवयांवर पांढरी भुकटी आणि शेजारीच कॉम्प्रेसरवर स्प्रे गन चालू. रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून लागू आहे, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. सुट्या डब्यातून येणारा पिवळा-केशरी रंग कोणत्या वर्गातला, हे कारखान्यात कोणी विचारत नाही. या बायका खोकला घेऊन येतात, गौरी-गणपती झाले की बऱ्या होतात, हंगाम सुरू झाला की पुन्हा येतात. खोकल्याचे हे वेळापत्रक हेच निदान आहे. हंगामात आणि सुटीत, दोन-दोन आठवडे, दिवसातून चार वेळा पीक फ्लो मीटरवर फुंकायला लावा आणि आकडे शेजारी शेजारी मांडा. हे यंत्र छोट्या दवाखान्यालाही परवडते.

रोह्याकडच्या मित्रांसाठी आणखी एक. कामगार ओठ निळे पडलेल्या अवस्थेत येतो, पल्स ऑक्सिमीटर ८५ च्या आसपास अडकतो, ऑक्सिजन लावूनही आकडा हलत नाही आणि सिरिंजमध्ये रक्त चॉकलेटी दिसते. अशा वेळी फुप्फुसे तपासत बसू नका. अ‍ॅनिलिन किंवा नायट्रोबेंझिनच्या जातीच्या रसायनाने मेथहिमोग्लोबिनेमिया झालेला असू शकतो. अंगावरचे कपडे काढा, त्वचा धुवा. जी-६-पीडी कमतरतेचा विचार करून मेथिलीन ब्लू देण्याची सोय असेल तिथे त्याला लगेच हलवा. आणि तो वाचला की विषय संपला असे समजू नका, कारण कायद्याने आपले काम तिथून सुरू होते.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ८९ ने डॉक्टरवर स्पष्ट जबाबदारी टाकली होती. तिसऱ्या अनुसूचीतला आजार कारखान्यातल्या कामगाराला झाला आहे, असे वाटले तरी मुख्य निरीक्षकाच्या कार्यालयाला विनाविलंब लेखी कळवायचे: रुग्णाचे नाव-पत्ता, आजार, कारखान्याचे नाव-पत्ता. बस्स, एवढेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या कलम १२ मध्येही ही जबाबदारी कायम आहे. अनुसूचीत शिसे, पारा, क्रोमियमचे व्रण, सिलिकोसिस, बेंझिन आणि त्याची नायट्रो संयुगे, विषारी कावीळ, कामामुळे होणारा त्वचादाह असे २९ आजार आहेत. पक्का पुरावा कायदा मागत नाही, संशय पुरेसा आहे. आपल्यापैकी किती जणांनी असे एकतरी पत्र पाठवले आहे?

भीती खरी आहे. कंपनीच्या पॅनेलवर असलेल्या डॉक्टरला ते पद जाण्याची धास्ती असते, आणि कामगाराला तर उद्या गेटवर हजेरी लागेल की नाही याचीच. म्हणून कळवण्याआधी रुग्णाला नीट समजावून सांगा. एकट्याने धजावत नसेल तर तालुक्याच्या डॉक्टर संघटनेने कायद्यात बसणारी पत्रे एकत्र पाठवावीत. दहाहून कमी माणसांचे मूर्तींचे कारखाने साधारणपणे संहितेबाहेर राहतात. तिथल्या रुग्णांचे आकडे, नावे वगळून, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्यावेत.

डॉक्टरच्या अशा एका नोंदीचे मोल काय असते, ते पाहा. जपानमध्ये मिनामाटा इथे १ मे १९५६ रोजी मज्जासंस्थेच्या एका अनोळखी आजाराची वर्दी सरकारी आरोग्य केंद्राला मिळाली. ती देणारे डॉ. हाजिमे होसोकावा चिस्सो कंपनीच्याच रुग्णालयाचे प्रमुख होते. पुढे त्यांनी मांजरांवर केलेले प्रयोग कंपनीने दडपले आणि पाऱ्याचे सांडपाणी खाडीत जातच राहिले. सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केले ते १९६८ मध्ये. पण आजाराची नोंद १९५६ मध्येच झालेली होती, आणि पुढच्या लढ्याला आधार मिळाला तो त्या नोंदीचा.

पुढील अंकात निरीक्षकाला पाठवायच्या पत्राचा मराठी नमुना आणि तिसरी अनुसूची पूर्ण छापत आहोत. तोवर केसपेपरच्या पुढच्या छपाईत तीन ओळी वाढवून घ्या: काम कोणते, किती वर्षे, कोणते रसायन किंवा धूळ. रसायनाचे नाव रुग्णाला सांगता आले नाही, तर पुढच्या खेपेला पिंपावरच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून आणायला सांगा.